नोबेलसाठी अर्ज भरता येत नाही

कला अकादमीच्या भजनी स्पर्धेत उतरायचं असेल तर पथक प्रवेशिका भरतं, ठरलेल्या तारखेच्या आत नेऊन देतं आणि मग परीक्षकांपुढे गातं. मराठी नाट्यस्पर्धेचंही तेच. गोव्यात ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की नोबेलचंही असंच काही असेल असं आपण धरून चालतो. कुणीतरी अर्ज भरला, तिकडे तो स्वीकारला गेला, म्हणजे ‘नामांकन मिळालं’, म्हणजे अर्धी मजल गाठली. मग ‘अमुक यांना नोबेलसाठी नामांकन’ अशी बातमी येते, अभिनंदनाचे फलक लागतात, सत्कार होतो. यात कुणी खोटं बोलत असतं असं नाही. पण नोबेलच्या व्यवहारात नामांकन या शब्दाला फारच थोडा अर्थ आहे. तो नीट समजला की बाकीची यंत्रणा समजायला वेळ लागत नाही.

नामांकन म्हणजे एक पत्र. ज्यांना तो अधिकार आहे अशा एखाद्या व्यक्तीने समितीला लिहिलेलं, ‘या नावाचा विचार व्हावा, कारण असं असं आहे’ एवढं सांगणारं पत्र. स्वतःचं नाव स्वतः पाठवलं तर ते बाद होतं. पत्र योग्य माणसाकडून आणि ३१ जानेवारीच्या आत आलं, की ते नाव त्या वर्षीच्या यादीत चढतं. समितीने त्याची निवड केलेली नसते, शिफारसही केलेली नसते. २०२५ च्या शांतता पुरस्कारासाठी अशी ३३८ नावं होती: २४४ व्यक्ती आणि ९४ संस्था. १९३९ साली स्वीडनच्या एका खासदाराने याच पुरस्कारासाठी हिटलरचं नाव पाठवलं होतं. त्याने ते उपरोधाने केलं होतं आणि नंतर मागेही घेतलं, पण नियमाप्रमाणे ते नामांकनच ठरलं. स्टालिनचं नाव तर दोनदा गेलं, १९४५ आणि १९४८ मध्ये.

हा अधिकार कुणाला आहे, हे पुरस्कारागणिक बदलतं. शांतता पुरस्कारासाठी राष्ट्रीय संसदेचे सदस्य, राष्ट्रीय सरकारातले मंत्री, राष्ट्रप्रमुख, इतिहास, समाजशास्त्रं, कायदा, तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्राचे विद्यापीठीय प्राध्यापक, कुलगुरू, शांतता संशोधन संस्थांचे संचालक आणि आधीचे विजेते नाव सुचवू शकतात. गोव्यापुरतं बोलायचं तर उत्तर आणि दक्षिण गोव्याचे दोन लोकसभा खासदार आणि राज्यसभेतले एक खासदार हे पत्र लिहू शकतात. विधानसभेतले ४० आमदार लिहू शकत नाहीत, कारण नियमात राज्याच्या विधिमंडळाला जागा नाही. ताळगावच्या पठारावरच्या गोवा विद्यापीठात इतिहास शिकवणाऱ्या प्राध्यापकांना मात्र हा अधिकार आहे. त्यासाठी निमंत्रण लागत नाही, ऑनलाइन फॉर्म असतो, शुल्क नसतं.

साहित्याचं ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटतं. विद्यापीठात साहित्य किंवा भाषाविज्ञान शिकवणारे प्राध्यापक साहित्याच्या नोबेलसाठी नाव सुचवू शकतात. म्हणजे मराठीचे, कोकणीचे किंवा पोर्तुगीजचे प्राध्यापक गोव्यात बसून स्टॉकहोमला पत्र पाठवू शकतात. साहित्याचं बक्षीस ठरवणारी स्वीडिश अकादमी दरवर्षी काहीशे लोकांना आणि संस्थांना निमंत्रणपत्रं पाठवते, पण निमंत्रण न आलेल्या पात्र व्यक्तीचं पत्रही ती स्वीकारते. पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्रात हे चालत नाही. तिथे निमंत्रण आलं तरच शिफारस करता येते. रॉयल स्वीडिश विज्ञान अकादमीचे सदस्य, आधीचे विजेते, उत्तर युरोपातल्या विद्यापीठांतले प्राध्यापक आणि जगभरातून निवडलेल्या विद्यापीठांतले शास्त्रज्ञ अशा साधारण ३००० जणांना आदल्या सप्टेंबरात गोपनीय फॉर्म जातात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बुकर पुरस्काराची लांब यादी आणि आखूड यादी जाहीर होते. नोबेलची कोणतीच यादी जाहीर होत नाही. कुणाची नावं आली, ती कुणी पाठवली, समितीचे अहवाल काय म्हणाले, हे सगळं ५० वर्षं कुलूपबंद असतं. ज्याने पत्र पाठवलं तो स्वतः बाहेर सांगू शकतो आणि बातम्या तिथूनच येतात. समिती त्याला दुजोरा देत नाही आणि ते नाकारतही नाही. त्यामुळे ‘नोबेलच्या अंतिम यादीत’ असं कुणी लिहिलं तर त्याला आधार कुठून मिळाला, हा प्रश्न विचारायलाच हवा. ऑक्टोबरात फिरणाऱ्या संभाव्य लेखकांच्या याद्या बहुतेक वेळा सट्टा लावणाऱ्या कंपन्यांच्या असतात. अकादमीशी त्यांचा संबंध नसतो.

मृत्युपत्रातलं एक वाक्य

आल्फ्रेड नोबेल १० डिसेंबर १८९६ रोजी इटलीतल्या सान रेमो इथे वारला. म्हणूनच समारंभ दरवर्षी १० डिसेंबरला होतो. १८६७ मध्ये डायनामाइटचं पेटंट घेणाऱ्या या माणसाच्या नावावर एकूण ३५५ पेटंटं होती. २७ नोव्हेंबर १८९५ ला पॅरिसमध्ये सही केलेल्या मृत्युपत्रात त्याने जवळजवळ सगळी संपत्ती, ३.१ कोटी स्वीडिश क्रोनरहून थोडी अधिक, एका निधीत ठेवायला सांगितली आणि व्याजातून पाच बक्षिसं द्यायला सांगितली. वकिलाच्या मदतीशिवाय लिहिलेल्या त्या कागदात निधी सांभाळणारी संस्थाच नव्हती. ती उभी करण्यात, नातेवाइकांशी तडजोड करण्यात आणि नियम घडवण्यात वर्षं गेली. नोबेल प्रतिष्ठान १९०० मध्ये स्थापन झालं आणि पहिली बक्षिसं १९०१ मध्ये दिली गेली.

पदार्थविज्ञान आणि रसायनाचा निर्णय रॉयल स्वीडिश विज्ञान अकादमी घेते. शरीरक्रियाशास्त्र किंवा वैद्यकाचा निर्णय कारोलिन्स्का संस्थेतली ५० प्राध्यापकांची सभा घेते, साहित्याचा १८ सदस्यांची स्वीडिश अकादमी, आणि शांततेचा नॉर्वेच्या संसदेने नेमलेली ५ जणांची समिती. शांतता तेवढी नॉर्वेकडे का दिली, हे नोबेलने लिहून ठेवलेलं नाही. त्या काळी स्वीडन आणि नॉर्वे एकाच राजाखाली होते. अर्थशास्त्राचं बक्षीस मृत्युपत्रात नाही. ते स्वीडनच्या मध्यवर्ती बँकेने १९६८ मध्ये, आपल्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने, नोबेलच्या स्मरणार्थ सुरू केलं. प्रक्रिया तीच, रक्कम तेवढीच, पण पैसा बँकेचा. अमर्त्य सेन (१९९८) आणि मुंबईत जन्मलेले अभिजित बॅनर्जी (२०१९) यांना मिळालं ते हे.

मृत्युपत्रात ‘गेल्या वर्षभरात मानवजातीचं सर्वाधिक हित ज्यांनी केलं’ असे शब्द आहेत. हे अक्षरशः पाळलं तर विज्ञानात घोटाळा होतो, कारण शोध खरा की खोटा हे वर्षभरात ठरत नाही. त्यामुळे नियमांत पळवाट नव्हे, पण वाट ठेवली गेली: जुनं काम असलं तरी त्याचं महत्त्व अलीकडे स्पष्ट झालं असेल तर चालेल. म्हणून सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांना १९३० च्या दशकातल्या कामाशी जोडलेलं बक्षीस १९८३ मध्ये मिळालं. कोंबड्यांतली गाठ विषाणूमुळे होते हे १९११ मध्ये दाखवणाऱ्या पेटन राउस यांना तर १९६६ पर्यंत थांबावं लागलं. याउलट सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचा शोध फेब्रुवारी १९२८ चा आणि पुरस्कार १९३० चा. इतकी घाई आता क्वचितच दिसते.

फेब्रुवारी ते ऑक्टोबर

खरं काम नामांकनं संपल्यावर सुरू होतं. विज्ञानाच्या समित्या फेब्रुवारीत नावं चाळतात आणि मार्च ते मे या काळात त्या त्या विषयातल्या तज्ज्ञांना लेखी विचारतात: हा शोध आधी कुणी लावला, त्यात निर्णायक वाटा कुणाचा, निष्कर्ष दुसऱ्या प्रयोगशाळांत टिकले का. उन्हाळ्यात अहवाल लिहिला जातो, सप्टेंबरात तो अकादमीपुढे जातो, ऑक्टोबरात मतदान होतं आणि त्याच दिवशी निकाल जाहीर होतो. निर्णयावर अपील नाही.

हे सगळे नियम एकाच प्रकरणात बघायचे असतील तर गुरुत्वीय लहरींचं उदाहरण घ्यावं. लायगो या अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी या लहरी पहिल्यांदा टिपल्या. तपासून खात्री करून जाहीर करायला ११ फेब्रुवारी २०१६ उजाडला. नामांकनाची मुदत त्याआधी अकरा दिवसांपूर्वी संपली होती. त्या वर्षीचं बक्षीस दुसऱ्याच कामाला गेलं आणि लायगोला २०१७ मध्ये मिळालं. शोधनिबंधावर हजाराहून अधिक लेखकांची नावं होती. त्यांत पुण्याच्या आयुका या खगोल संशोधन संस्थेतलेही होते. पण नियम सांगतो की एक बक्षीस जास्तीत जास्त तिघांत वाटता येतं. निम्मं राइनर वाइस यांना आणि उरलेलं निम्मं बॅरी बॅरिश व किप थॉर्न यांना मिळालं. या प्रकल्पाच्या पायाभरणीत वाइस आणि थॉर्न यांच्याबरोबर तिसरे होते रोनाल्ड ड्रेव्हर. ते मार्च २०१७ मध्ये, घोषणेआधी सात महिने, वारले. मृत व्यक्तीचा विचार होत नाही, म्हणून त्यांचं नाव त्या यादीत नाही. याच मालिकेतली वेधशाळा आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभी राहते आहे. तिथे उद्या मोठा शोध लागला तरी श्रेय तीनच नावांत मावणार, हे आतापासून ठाऊक असलेलं बरं.

तिघांची मर्यादा हा या पुरस्काराचा सर्वांत कालबाह्य नियम आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. १९०१ मध्ये एकटा माणूस आपल्या प्रयोगशाळेत शोध लावू शकत होता. आज कणभौतिकीतला एखादा प्रयोग हजारो हातांनी चालतो. शांतता पुरस्कार संस्थांना देता येतो आणि दिलाही जातो. विज्ञानाच्या समित्यांनी ती मुभा वापरलेली नाही.

मृत्यूचा नियम पूर्वी जरा सैल होता. नामांकन आल्यावर माणूस वारला तरी बक्षीस देता येई. १९३१ चं साहित्याचं (एरिक आक्सेल कार्लफेल्ट) आणि १९६१ चं शांततेचं (डाग हामरशोल्ड) अशी दोन मरणोत्तर दिली गेली. १९७४ पासून ही सोय बंद झाली. आता विजेता घोषणेनंतर वारला तरच बक्षीस कायम राहतं. २०११ मध्ये वेगळाच पेच आला. वैद्यकाचे विजेते राल्फ स्टाइनमन घोषणेच्या तीन दिवस आधी वारले होते आणि कारोलिन्स्का संस्थेला ते माहीतच नव्हतं. निर्णय सद्हेतूने घेतला होता म्हणून तो कायम ठेवला गेला.

गांधीजींचं प्रकरणही इथेच बसतं. त्यांचं नाव १९३७, १९३८, १९३९, १९४७ आणि १९४८ अशा पाच वर्षी गेलं. १९४७ मध्ये ते तारेने पाठवणाऱ्यांत मुंबई प्रांताचे पंतप्रधान (आजच्या भाषेत मुख्यमंत्री) बाळासाहेब खेर आणि केंद्रीय विधिमंडळाचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर ही दोन मराठी माणसं होती, तिसरे गोविंद वल्लभ पंत. समितीने फाळणीच्या धामधुमीत निर्णय टाळला. ३० जानेवारी १९४८ ला हत्या झाली, त्या वर्षीची मुदत संपायला तेव्हा दोन दिवस होते. समितीने मरणोत्तर देण्याचा विचार केला. पण गांधीजींची अशी कोणतीही संस्था नव्हती, मृत्युपत्र नव्हतं, मग रक्कम द्यायची कुणाला, या मुद्द्यावर गाडी अडली. शेवटी ‘योग्य असा हयात उमेदवार नाही’ म्हणून १९४८ चा शांतता पुरस्कार कुणालाच दिला गेला नाही. ही चूक होती. ती नंतर ओस्लोतल्या लोकांनीही मान्य केली आहे.

मराठी पुस्तक तिथवर पोचेल कसं

साहित्याची समिती फेब्रुवारीत नावं तपासते, एप्रिलपर्यंत १५ ते २० लेखकांची यादी करते आणि मे अखेरीस ती ५ वर आणते. मग जून, जुलै, ऑगस्ट हे तीन महिने अकादमीचे सदस्य या पाच जणांची पुस्तकं वाचतात. सप्टेंबरात चर्चा होते, ऑक्टोबरात मतदान, आणि निम्म्याहून अधिक मतं मिळाली तर विजेता ठरतो. पाचांत पहिल्यांदाच आलेल्या लेखकाला सहसा त्याच वर्षी बक्षीस मिळत नाही. पुस्तकांचं वजन कळायला एकाहून अधिक उन्हाळे लागतात, असा त्यामागचा विचार.

या मांडणीत मराठी लेखक कुठे अडकतो ते बघा. पत्र पाठवणं सोपं आहे, हे वर आलंच. अडचण उन्हाळ्याच्या वाचनात आहे. अकादमीचे सदस्य स्वीडिश, इंग्रजी, फ्रेंच, जर्मन अशा भाषा वाचतात. इतर भाषांसाठी तज्ज्ञांचे अहवाल आणि क्वचित स्वतःपुरते अनुवाद करून घेतात. पण अहवाल मागवण्याइतकं कुतूहल जागं व्हायला आधी हाताशी काहीतरी असावं लागतं. नोबेल एका पुस्तकाला नसतं, सगळ्या कामाला असतं. एक कादंबरी इंग्रजीत आली आणि बाकी दहा पुस्तकं मराठीतच राहिली, तर त्या वाचकाला लेखकाची वाढ, वळणं, उंची दिसत नाही. रवींद्रनाथांचं उदाहरण नेहमी देतात. त्यांनी स्वतः इंग्रजीत केलेली ‘गीतांजली’ १९१२ मध्ये लंडनला छापली गेली आणि पुढच्याच वर्षी पुरस्कार आला. नामांकन एकच होतं, इंग्रज कवी थॉमस स्टर्ज मूर यांचं. त्यातून दोन गोष्टी कळतात. शिफारशींच्या संख्येने काही ठरत नाही, आणि वाचता येईल असा मजकूर समोर असणं सगळ्यात महत्त्वाचं असतं.

म्हणून मराठीसाठी किंवा कोकणीसाठी सध्या जवळची आणि ठोस वाट आंतरराष्ट्रीय बुकरची आहे. २०१६ पासून हा पुरस्कार इंग्रजीत अनुवादित झालेल्या एकाच पुस्तकाला दिला जातो. पुस्तक ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये प्रकाशित झालेलं हवं आणि ते तिथल्या प्रकाशकानेच पाठवायचं असतं. लेखक पाठवू शकत नाही, पुण्याचा किंवा पणजीचा प्रकाशकही नाही. ५०,००० पौंड लेखक आणि अनुवादक यांच्यात समान वाटले जातात. २०२२ मध्ये हिंदीतल्या गीतांजली श्री आणि त्यांच्या अनुवादक डेझी रॉकवेल यांना, आणि २०२५ मध्ये कन्नडमधल्या बानू मुश्ताक आणि दीपा भास्ती यांना तो मिळाला. कन्नड आपल्या काणकोणच्या सीमेपलीकडची भाषा. तिथे जे घडलं त्यातला निर्णायक दुवा होता चांगला अनुवादक आणि त्याला उभा करणारा ब्रिटिश प्रकाशक. नोबेलच्या शिफारसपत्रासाठी ठराव करणाऱ्या संस्थांनी तीच ताकद एका लेखकाची चार पुस्तकं नीट अनुवादित करून घेण्यात लावली, तर उपयोग जास्त होईल.

चुका

वैद्यकाचं १९२६ चं बक्षीस डेन्मार्कच्या योहानेस फिबिगर यांना उंदरांना कृमीमुळे कर्करोग होतो या शोधासाठी दिलं गेलं. नंतरच्या तपासात त्या गाठींमागे मुख्यतः अ जीवनसत्त्वाची कमतरता होती आणि त्या कर्करोगाच्या नव्हत्याच, असं दिसलं. या धक्क्यानंतर कर्करोगाच्या संशोधनाला हात लावायला समिती पुढे कितीतरी वर्षं बिचकत राहिली.

दुसरं उदाहरण गोव्याच्या इतिहासाला लागून आहे. पोर्तुगालचे पहिले नोबेल विजेते आंतोनियो एगास मोनिझ. गोवा पोर्तुगीज सत्तेखाली होता तेव्हा, १९४९ मध्ये, त्यांना मानसिक रुग्णांच्या मेंदूतले तंतू कापण्याच्या शस्त्रक्रियेसाठी वैद्यकाचं बक्षीस मिळालं. अनेक रुग्ण त्यामुळे शांत झाले, पण ते शांत होणं म्हणजे व्यक्तिमत्त्व विझणं होतं. काही वर्षांत औषधं आली आणि ही शस्त्रक्रिया मागे पडली. मोनिझ यांनीच मेंदूतल्या रक्तवाहिन्यांचे क्ष-किरण चित्र घेण्याची पद्धत शोधली होती आणि ती आजही वापरात आहे. बक्षीस मात्र भलत्याच कामाला गेलं. (पोर्तुगीज भाषेतलं साहित्याचं नोबेल त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षांनी, १९९८ मध्ये जुझे सारामागु यांना मिळालं.)

वगळलेल्यांची यादी याहून मोठी आहे. अणुविभाजनाचा अर्थ लावणाऱ्या लिझे माइटनर यांचं नाव चाळीसहून अधिक वेळा सुचवलं गेलं, तरी १९४४ चं रसायनाचं बक्षीस एकट्या ओट्टो हान यांना मिळालं. पल्सार (ठरावीक लयीत रेडिओ स्पंदनं पाठवणारे तारे) पहिल्यांदा टिपणाऱ्या जोसेलिन बेल यांना वगळून १९७४ मध्ये त्यांच्या मार्गदर्शकांना गौरवलं गेलं. सत्येंद्रनाथ बोस यांच्या नावाने कणांचा अर्धा संसार ओळखला जातो, पण नोबेल नाही. एकदा दिलेलं बक्षीस परत घेता येत नाही, आणि न दिलेलं नंतर भरून काढायला नियमात जागा नाही.

पैसा, पदक, व्याख्यान

२०२३ पासून पूर्ण बक्षिसाची रक्कम १.१ कोटी स्वीडिश क्रोनर आहे, आपले साधारण दहा कोटी रुपये. ती निधीच्या गुंतवणुकीवर ठरते, त्यामुळे खालीही येते: २०१२ मध्ये ती १ कोटीवरून ८० लाख क्रोनर केली होती. वाटणीचे प्रकार ठरलेले आहेत. एकाला पूर्ण, दोघांना निम्मं, तिघांना समान, किंवा एकाला निम्मं आणि दोघांना पाव.

पदक साधारण १७५ ग्रॅमचं असतं. १९८० पर्यंत ते २३ कॅरेट सोन्याचं होतं, आता १८ कॅरेटचं. १९४० मध्ये जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये घुसलं तेव्हा माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक यांनी तिथे सुरक्षित ठेवलेली पदकं जॉर्ज द हेवेशी यांनी अम्लराजात, म्हणजे सोनं विरघळवणाऱ्या आम्लमिश्रणात, विरघळवली आणि ती बाटली फळीवर ठेवून दिली. युद्धानंतर सोनं पुन्हा वेगळं काढून त्याच सोन्याची पदकं ओतली गेली. रवींद्रनाथांचं पदक मात्र २००४ मध्ये शांतिनिकेतनच्या संग्रहालयातून चोरीला गेलं आणि सापडलेलं नाही. नोबेल प्रतिष्ठानने नंतर त्याच्या प्रतिकृती दिल्या.

विजेत्याकडून एकच अपेक्षा असते: १० डिसेंबरपासून सहा महिन्यांच्या आत एक व्याख्यान. रक्कम त्याच्याशी जोडलेली आहे. गायक-गीतकार बॉब डिलन यांनी २०१६ च्या साहित्याच्या बक्षिसाचं व्याख्यान मुदत संपायला पाचेक दिवस उरले असताना, जून २०१७ मध्ये ध्वनिमुद्रित करून पाठवलं.

नावातली गल्लत

२००७ चा शांतता पुरस्कार अल गोर यांना आणि हवामानबदलावरच्या आंतरसरकारी मंडळाला विभागून मिळाला. या मंडळाच्या अहवालांत जगभरच्या शास्त्रज्ञांनी भर घातली होती, भारतीयांनीही. अशा शास्त्रज्ञांच्या परिचयात ‘नोबेल विजेते’ लिहिण्याची पद्धत अनेक देशांत पडली. मंडळाने पुढे स्वतःच स्पष्ट केलं की पुरस्कार संस्थेला आहे, कुणाही एका व्यक्तीला नाही. ‘पुरस्कारप्राप्त अहवालात सहभाग’ असं लिहिणं बरोबर. दोना पावल आणि वास्कोत समुद्र आणि ध्रुव यांचं संशोधन चालतं, त्यामुळे गोव्यात व्याख्यानांची पत्रकं लिहिणाऱ्यांनी हा फरक जपायला हवा.

गणिताला नोबेल नाही. काणकोण काय किंवा कोसबें काय, गोव्याच्या मुलाला गणिताची ओढ असेल तर दामोदर धर्मानंद कोसंबींच्या वाटेवर त्याला दुसरी शिखरं दिसतील: चाळिशीच्या आतल्यांसाठी दर चार वर्षांनी दिलं जाणारं फील्ड्स पदक आणि २००३ पासून नॉर्वेतर्फे दिला जाणारा आबेल पुरस्कार. आबेल २००७ मध्ये चेन्नईत जन्मलेल्या श्रीनिवास वरदन यांना मिळाला.

‘पर्यायी नोबेल’ म्हणतात तो राइट लाइव्हलीहूड पुरस्कार १९८० चा. त्याचा नोबेल प्रतिष्ठानशी संबंध नाही, पण तो खरा आणि तोलामोलाचा आहे. १९९१ मध्ये तो मेधा पाटकर, बाबा आमटे आणि नर्मदा बचाव आंदोलनाला मिळाला. त्याचा नियम नोबेलच्या उलट आहे: नाव कुणीही सुचवू शकतं, अट एवढीच की स्वतःचं किंवा आपल्या जवळच्या संस्थेचं सुचवायचं नाही. गोव्यातल्या एखाद्या पर्यावरण कार्यकर्त्याचं काम जगापुढे न्यायचं असेल तर पहिलं पत्र इथे लिहावं. मॅगसेसेचीही आठवण ठेवावी: १९५८ च्या पहिल्या मानकऱ्यांत विनोबा भावे होते.

‘आंतरराष्ट्रीय शांतता पुरस्कार’ किंवा मानद डॉक्टरेट देतो म्हणून नोंदणी शुल्क, समारंभ शुल्क किंवा प्रवासखर्च मागणारी पत्रं येतात, तेव्हा तीनच गोष्टी तपासाव्यात. निवड कोण करतं, त्यांची नावं जाहीर आहेत का. गेल्या दहा वर्षांचे मानकरी शोधता येतात का. आणि पैसा कोणत्या दिशेने वाहतो. खऱ्या पुरस्कारात तो मानकऱ्याकडे येतो.

ऑक्टोबरात काय बघायचं

घोषणा ऑक्टोबरच्या पहिल्या किंवा दुसऱ्या आठवड्यात होतात. सोमवारी वैद्यक, मंगळवारी पदार्थविज्ञान, बुधवारी रसायन, गुरुवारी साहित्य, शुक्रवारी शांतता, आणि पुढच्या सोमवारी अर्थशास्त्र. स्वीडनमध्ये तेव्हा उन्हाळी वेळ चालू असते, म्हणून आपलं घड्याळ साडेतीन तास पुढे. वैद्यकाची घोषणा दुपारी ३ वाजता, पदार्थविज्ञान, रसायन आणि अर्थशास्त्राची सव्वातीनला, साहित्याची साडेचारला, शांततेची अडीचला. याआधी फिरणारं कोणतंही नाव अंदाज समजावं.

विज्ञानाच्या प्रत्येक घोषणेबरोबर नोबेलच्या संकेतस्थळावर दोन टिपणं येतात. एक सामान्य वाचकांसाठी, आकृत्यांसह चार-सहा पानांचं. दुसरं जाणकारांसाठी, मूळ शोधनिबंधांच्या संदर्भांसह. अकरावी-बारावीच्या विज्ञान शिक्षकांनी पहिलं टिपण त्याच आठवड्यात वर्गात वाचून दाखवावं. वर्तमानपत्रातल्या पहिल्या दिवशीच्या बातमीपेक्षा ते कितीतरी स्वच्छ असतं, आणि शोध नेमका कोणता आणि कुणाचा, हे त्यात एका वाक्यात दिलेलं असतं.

नामांकनांची जुनी नोंदवहीही तिथेच आहे. नाव टाकलं की कुणी कुणाला कधी सुचवलं ते दिसतं. मेघनाद साहा, सर्वपल्ली राधाकृष्णन, काळा आजारावर औषध शोधणारे उपेंद्रनाथ ब्रह्मचारी हे सगळे त्यात आहेत. ५० वर्षांची मुदत असल्यामुळे दर जानेवारीत आणखी एका वर्षाच्या नोंदी उघडतात. आजच्या बातमीतलं ‘नामांकन’ खरं होतं की नाही, हे आज शाळेत असलेल्या मुलांना तिथे बघता येईल.